खुंटीवरची बंदूक

दिवा–वसई मार्गावर खारबावला उतरलं की एका बाजूला भातखाचरं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला गोदामांचे निळे पत्रे. भिवंडी तालुक्याचं हे टोक शेती आणि गुदामं यांच्या मधोमध अडकलेलं. पश्चिमेला तुंगारेश्वरचा डोंगर, दक्षिणेला खाडी. भात निसवायला लागलं की रानडुक्कर येतं, आणि एका रात्रीत खाचरात लोळून वर्षाची मेहनत चिखलात घालतं. म्हणून या पट्ट्यातल्या काही जुन्या घरांत बंदूक असायची. शिकारीचा शौक फार थोड्यांचा. बाकीच्यांना ती पीक राखायलाच लागायची.

अशा एका घरात मी गेलो होतो. ओटीवर, पलंगाच्या डोक्याशी, लाकडी खुंटीला कापडी गवसणीतली एकनळी बाराबोअर लटकत होती. गवसणी घरीच शिवलेली, जुन्या धोतराच्या कापडाची. घरातले काका साठीच्या पुढचे. त्यांनी लायसनचं पुस्तक दाखवलं. कोपरे दुमडलेले, नूतनीकरणाचे शिक्के एकावर एक, आणि पहिल्या पानावर वडिलांचा तरुणपणीचा फोटो.

"लायसन बापसाच्या नावावर," काका म्हणाले. "बापूस गेला, बंदूक घरातच."

"कधी गेले?"

"जेठात. तेरावं झालं, मग लावणी आली. लावणी आटपली तं गणपती."

म्हणजे तीन महिने होऊन गेले होते. काकांना वाटत होतं की बंदूक वडिलांची, वडील गेल्यावर ती आपली, आणि कागदाचं सवडीने बघू. शस्त्र कायद्याचं कलम २१ असं म्हणत नाही. परवाना संपल्यामुळे किंवा 'कोणत्याही कारणाने' शस्त्र बाळगणं बेकायदा ठरलं, तर ते 'विनाकारण विलंब न करता' जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, असं ते कलम सांगतं. विनाकारण विलंब म्हणजे किती दिवसांचा, हे कलमात नाही. लावणी हे कारण आहे का? गणपती? भाताच्या गावात लावणीपेक्षा मोठं कारण दुसरं कुठलं असणार, पण हे ठरवायचा अधिकार काकांना नाही. ठाण्यातला अंमलदार ठरवील, मग सरकारी वकील, मग न्यायाधीश. आणि तिथपर्यंत प्रकरण गेलं म्हणजे काका आरोपी होऊनच गेलेले असतील.

आपल्याकडच्या शस्त्र कायद्याचा इतिहास अशाच दोन-चार सैल शब्दांचा इतिहास आहे. बाळगणे. ताबा. शस्त्र. आणि. यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कुणाला तरी अटक झाल्यावरच ठरला.

सुरुवात १८७८ पासून करू. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्या वर्षी मार्च महिन्यात लागोपाठ दोन कायदे आणले, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर एक आणि हत्यारांवर एक. वर्तमानपत्रांचा कायदा पुढचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये गेला. हत्यारांचा राहिला. त्याची शस्त्राची व्याख्या बघण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण, आणि तोफाही. ठाणे जिल्ह्यात तेव्हा वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या पाड्यावर ज्या घरात मडकं होतं त्या घरात तिरकमठा होता. व्याख्येत तो तोफेच्या पंगतीला बसला. प्रत्यक्षात परवाना कशाला लागेल आणि कशाला लागणार नाही हे नियमांवर, सवलतींवर आणि जिल्ह्याच्या साहेबावर अवलंबून असे. व्याख्या रुंद ठेवायची आणि सूट आपल्या हातात ठेवायची, ही युक्ती तिथे पहिल्यांदा नीट रुळली.

सूट कुणाला, हेही तेव्हा लपवलेलं नव्हतं. युरोपियन माणूस परवान्याशिवाय बंदूक ठेवू शके, एतद्देशीय नाही. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला, आणि पुढची अनेक वर्षं ही मागणी ठरावांत येत राहिली. १९२० च्या नियमांनी वंशभेद कागदावरून काढला. दरम्यान ज्यांच्यासाठी कायदा केला होता त्यांचं त्याच्यामुळे काही अडलं नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलंच. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून मुंबईत उतरली, आणि त्यांतल्याच एकाने डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा बळी घेतला. कायदा जाचला तो पीक राखणाऱ्याला.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो नियमांसकट लागू झाला. धनुष्यबाण नावानिशी गेला. केवळ शेतीच्या किंवा घरगुती कामासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, साधी काठी, खेळण्यातलं हत्यार हे सगळं व्याख्येबाहेर ठेवलं. हेतू चांगला होता, पण कोयता कुठे संपतो आणि हत्यार कुठे सुरू होतं हे पुन्हा 'केवळ' या शब्दावर येऊन थांबलं. कलम ४५ ने आणखी एक दार उघडलं. जुनाट घडणीचं किंवा पुराणवस्तूचं मोल असलेलं शस्त्र, नाहीतर दुरुस्त करूनही जे उडवता येणार नाही असं मोडकं शस्त्र कायद्यातून सुटतं. जुन्या वाड्यांत तोड्याच्या बंदुका भिंतीवर टांगलेल्या असतात त्या याच वाक्याच्या आधाराने. ती बंदूक पुराणवस्तू आहे की नुसतीच जुनी, हे मात्र जप्तीचा पंचनामा झाल्यावर तज्ज्ञ सांगतो.

सगळ्यात मोठी खोच होती 'ताबा' या शब्दात. कायदा म्हणतो, परवान्याशिवाय शस्त्र ताब्यात ठेवू नये. मी कुणाच्या गाडीत बसलो आणि सीटखाली त्याचं पिस्तूल निघालं, तर ते माझ्या ताब्यात होतं का? मी माझं रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच्या हाती दिलं, तर ताबा त्याचा की माझा? १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं. ताब्यात जाणीव हवी. वस्तू हातात नसेल तरी चालेल, पण तिच्यावर सत्ता हवी, आणि ती आहे हे ठाऊक हवं. या एका ओळीने पुढे कितीतरी माणसं सुटली. विमानतळावरच्या तपासणीत बॅगेच्या अस्तरात एखादं विसरलेलं काडतूस सापडतं आणि परवानाधारकावर किंवा त्याच्या नातेवाइकावर गुन्हा दाखल होतो. असे गुन्हे उच्च न्यायालयांनी अनेकदा रद्द केले ते याच आधारावर. गुन्हा रद्द झाला तरी विमान तोवर गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा एक-दोन वर्षंही.

इथवर गोष्ट नेहमीच्या कायद्याची होती, आणि त्यात जामीन मिळे. १९८५ नंतर ती बदलली.

पंजाब पेटलेला असताना त्या वर्षी टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला आणि १९८७ मध्ये नव्याने मंजूर झाला. त्यातलं कलम ५ वाचायला अगदी सोपं होतं. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टातल्या ठरावीक वर्गाची 'शस्त्रं आणि दारूगोळा', किंवा बॉम्ब, स्फोटकं, कुणाच्या 'ताब्यात', 'अनधिकृतपणे', 'अधिसूचित क्षेत्रात' सापडली, तर शिक्षा कमीत कमी पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हत्यार कशासाठी ठेवलं होतं याबद्दल अक्षर नाही. दहशतवाद हा शब्दसुद्धा त्या कलमात नव्हता. अधिसूचित क्षेत्र म्हणजे राज्य सरकार राजपत्रात छापील ते. क्षेत्राच्या बाहेर तेच पिस्तूल शस्त्र कायद्याचा गुन्हा, आणि आत आलं की टाडाचा. हद्दीवर पाटी नव्हती. राजपत्र विकत घेऊन वाचणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

या कलमाची पहिली गाठ सुटली ती 'आणि' या शब्दापाशी. हरियाणातल्या पारसरामच्या खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायद्यात 'शस्त्रं आणि दारूगोळा' असं आहे, 'किंवा' नाही. नुसतं हत्यार किंवा नुसती काडतुसं पुरत नाहीत, दोन्ही हवीत. व्याकरणाच्या मास्तराला शोभेल असा हा निकाल, पण त्या एका उभयान्वयी अव्ययावर कुणाची तरी पाच वर्षं लटकलेली होती.

मग १२ मार्च १९९३ उजाडला. मुंबईत दुपारी दोन-अडीच तासांत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसं गेली. तपासाचे धागे रायगडच्या शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यापर्यंत गेले, आणि तिथून उतरलेली हत्यारं कुठे कुठे पोचली याचा शोध सुरू झाला. त्यात एक नाव आलं, अभिनेता संजय दत्त. १९ एप्रिलला मॉरिशसहून परतताच त्याला अटक झाली. त्याच्याकडे परवान्याच्या तीन बंदुका होत्याच. शिवाय मुंबईतल्या जानेवारीच्या दंगलीत त्याने एके-५६ रायफली घेतल्या, त्यांतली एक ठेवून घेतली आणि अटकेच्या भीतीने ती नष्ट करायला लावली, असा आरोप होता. बचाव असा की वडील सुनील दत्त दंगलग्रस्तांना मदत करत होते म्हणून धमक्या येत होत्या, घराच्या रक्षणासाठी ठेवली.

एके-५६ ला खाजगी माणसाला परवाना मिळतच नाही, तेव्हा शस्त्र कायद्याचा गुन्हा झाला की नाही यावर फार वाद नव्हता. माझ्या मते त्याच्याबद्दल हळहळण्याचं कारणही नाही. दंगलीच्या दिवसांत मुंबईत लाखो घरं भेदरलेली होती, आणि त्या घरांनी दाराला फार तर पलंग आडवा लावला. प्रश्न वेगळा होता, आणि तो एकट्या त्याचा नव्हता. घरात हत्यार सापडलं, बाकी काहीच सापडलं नाही, तर तो माणूस दहशतवादी ठरतो का?

हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. पीठात अहमदी, वर्मा, जीवन रेड्डी, एन. पी. सिंग होते, आणि आपले पी. बी. सावंत. सरकारी बाजू अशी की हत्यार सापडलं, क्षेत्र अधिसूचित होतं, बस्स, गुन्हा पुरा झाला, हेतू विचारायचं कारण नाही. आरोपीची बाजू नेमकी उलटी. हत्याराचा दहशतवादी कृत्याशी संबंध सरकारने सिद्ध केलाच पाहिजे, नाहीतर हे कलम घटनेत बसत नाही. ९ सप्टेंबर १९९४ ला न्यायमूर्ती जे. एस. वर्मांनी लिहिलेला निकाल आला, आणि त्याने दोघांनाही पुरतं दिलं नाही.

निकाल सांगतो तो थोडक्यात असा. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, नुसती वस्तू जवळ असणं नव्हे. 'शस्त्रं आणि दारूगोळा' एकत्रच वाचायचं. ताबा, अनधिकृतपणा आणि अधिसूचित क्षेत्र, एवढं सरकारने सिद्ध केलं की हत्यार दहशतवादी कामासाठीच होतं असं गृहीत धरलं जाईल. सरकारने त्यापुढे काही दाखवण्याची गरज नाही. पण ते गृहीत खोडण्याचा हक्क आरोपीला आहे. संशयापलीकडे नव्हे, तर संभवाच्या पारड्याने त्याने दाखवलं की हत्याराचा दहशतवादाशी संबंध नव्हता, तर टाडा सुटतो आणि फक्त शस्त्र कायदा उरतो.

संसदेने जे लिहायला हवं होतं ते न्यायालयाने लिहिलं, असंच म्हणावं लागेल. कलम ५ च्या मूळ मजकुरात यातलं 'जाणीव' नाही, 'गृहीत' नाही, 'खोडण्याचा हक्क' तर मुळीच नाही. सात वर्षं ते कलम त्यावाचून चाललं. त्या सात वर्षांत त्याखाली आत गेलेल्यांना आपल्याला काय सिद्ध करायचं आहे हेच ठाऊक नव्हतं. टाडाखाली देशभर ७५ हजारांहून जास्त माणसं पकडली गेली आणि दोषी ठरलेल्यांचं प्रमाण नगण्य राहिलं. त्यातल्या बहुतेकांच्या नावाने घटनापीठ बसलं नाही. एका नटाच्या नावाने बसलं आणि मग सगळ्यांना अर्थ कळला.

त्या नटालाही लगेच काही मिळालं नाही. निकाल त्याच्या नावाचा, पण जुलै १९९४ मध्ये जामीन रद्द होऊन तो आत गेला होता आणि बाहेर आला ऑक्टोबर १९९५ मध्ये. तोवर टाडाची मुदत २३ मे १९९५ ला संपून गेली होती. कायदा मेला, पण खटले जिवंत राहिले. बॉम्बस्फोटांचा खटला आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात न्यायाधीश प्रमोद कोदे यांच्यापुढे चालत राहिला. नोव्हेंबर २००६ मध्ये कोदेंनी संजय दत्तला टाडातून मोकळं केलं आणि शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवलं, पुढच्या जुलैत सहा वर्षं दिली. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली. पाच, कारण त्या काळी निषिद्ध शस्त्रासाठी शस्त्र कायद्यातली किमान शिक्षाच पाच होती.

इथे जरा थांबावंसं वाटतं. टाडाच्या कलम ५ चीही किमान शिक्षा पाच. मग एवढं घटनापीठ, एवढी वर्षं कशासाठी? फरक कमाल शिक्षेत होता, एकीकडे दहा वर्षं आणि दुसरीकडे जन्मठेप. त्याहून मोठा फरक वाटेवरचा. टाडात जामीन जवळजवळ नाही. पोलीस अधीक्षकाने घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जो साध्या कायद्यात चालत नाही. आणि कपाळावर 'दहशतवादी' हा शिक्का बसतो. त्याच खटल्यात, त्याच हत्यारांच्या साखळीतली काही कमी नावाजलेली माणसं टाडाखाली दोषी ठरली आणि नऊ-दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची भूमिका वेगळी होती, पोचवणाऱ्याची होती, असं न्यायालयाने पुराव्यावरून म्हटलं. ते बरोबरही असेल. पण गृहीत खोडायला पुरावा लागतो, पुरावा गोळा करायला वकील, आणि वकिलाला पैसा, एवढं समजायला घटनापीठ लागत नाही.

टाडा गेला तरी सैल शब्द राहिले. २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. त्यांत वारसांसाठी सोय आहे. परवानाधारक गेल्यावर, किंवा तो सत्तरीचा झाला किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगून झाली की त्याच्या हयातीतही, वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची परवानगी दिली, आणि तिसरं वर्षभरात जमा करायला सांगितलं. ते वर्ष नेमकं टाळेबंदीचं निघालं. निषिद्ध शस्त्राची किमान शिक्षा पाचवरून सात झाली. साध्या विनापरवाना बंदुकीची एकवरून दोन, कमाल तीनवरून पाच. लग्नात, हळदीत हौसेने बार काढण्यासाठी वेगळं कलम आलं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हळदीच्या रात्रीचा आवाज आमच्या या बाजूला ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे कलम का आलं ते सांगायला नको. शिक्षा नेमक्या झाल्या, आकडे चढले. 'विनाकारण विलंब' मात्र होता तसाच आहे.

काकांना मी एवढंच म्हटलं, की मुदत शोधू नका, उद्याच जा. ते गेले. गवसणीसकट बंदूक, लायसनचं पुस्तक, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, काडतुसांची मोजदाद, सगळं घेऊन, भाच्याच्या रिक्षात बसून. रिक्षात बंदूक नेताना ताबा कुणाचा, भाच्याचा की काकांचा, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो त्यांना सांगितला नाही. ठाण्यात त्यांना दोन तास बसवलं, उशीर का झाला म्हणून लेखी घेतलं, आणि पावती दिली. 'शेतीची कामं असल्याने' असं काकांनी लिहिलं. गणपतीचा उल्लेख भाच्याने खोडायला लावला.

आता वारसाचा अर्ज गेलेला आहे. त्याला चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला आणि इतर वारसांचं नाहरकत पत्र लागतं. बहिणी तीन, एक डोंबिवलीला, एक विरारला, एक पेणला. ठरल्या मुदतीत परवाना झाला नाही किंवा बंदूक विकली गेली नाही, तर ती सरकारजमा होते. ही मुदत तरी नियमात लिहिलेली आहे. पावती काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच खुंटीला लावली आहे. डुकरं काही अर्जासाठी थांबत नाहीत. परवाच्या रात्री बांधावर सळसळ ऐकू आली तेव्हा काका उठले, सवयीने खुंटीकडे हात गेला, आणि मग ओटीखालचा तेलाचा रिकामा डबा काढून काठीने बडवत ते खाचराकडे गेले.